हिरव्या दिव्याला थांबवलेली गाडी

“लाल सिग्नल हाय. गाडी हलायची नाय,” असं म्हणून पांडूतात्यानं किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं.

कर्जत सोडून आम्ही जेमतेम पळसदरीच्या अलीकडे आलो होतो. मागच्या सीटवर माझ्या शेजारी कडावची साळूबाई होती. तिला पुकारा व्हायच्या आत खालापूरच्या कचेरीत पोचायचं होतं. पोचली नाही तर तिच्या वारलेल्या बापाचं खालापूरकडचं भाताचं शेत चुलतभावाच्या नावावर चढणार होतं. बापाला मुलगा नव्हता, ही एकच मुलगी. चुलतभावानं अर्ज केला की बाई लग्न होऊन गेली, ती काही शेत बघत नाही. पावसाळ्यातल्या दोन तारखांना नदीला पूर, म्हणून ही जाऊ शकली नाही. आता गैरहजर राहिली तर सरळ निकाल, असं मामलेदारानं सांगून ठेवलं होतं. म्हणून तिनं माझ्या मामाची टॅक्सी केली.

स्वातंत्र्य मिळून थोडेच दिवस झाले होते. मामाचं कर्जत स्टेशनजवळ गॅरेज होतं. मी चौथीपर्यंत शिकले आणि पुढं तिथंच वाढले. प्लग साफ करायची, रेडिएटरमध्ये पाणी भरायची, इंजिन उतरवलं की नटबोल्ट रॉकेलमध्ये धुवायची. पण गाडीबरोबर बाहेर, म्हणजे लाइनवर, मामा मला कधी पाठवत नसे. “बाई गाडीखाली शिरलेली गिऱ्हाइकाला चालत नाय,” म्हणायचा. त्या दिवशी पाठवलं तेही मेकॅनिक म्हणून नाही. एकटी बाईमाणूस ड्रायव्हरबरोबर कशी जाणार? सोबत पाहिजे. ती सोबत म्हणजे मी.

पांडूतात्या आधी रेल्वेत सांधेवाला होता. सांधेवाला म्हणजे रूळ बदलणारा आणि गाडीला कंदील-झेंडी दाखवणारा. लढाईत तो मिलिटरीच्या लॉरीवर गेला, तिथं गाडी शिकला. हात चांगला होता त्याचा. पण त्या लॉरीत समोर काट्यांची घड्याळं होती, रंगीत दिवे नव्हते. मामानं नुकत्याच आणलेल्या या विलायती गाडीच्या फळीवर, म्हणजे हल्ली ज्याला डॅशबोर्ड म्हणतात त्यावर, दोन बारके दिवे होते. एक लाल, एक हिरवा. ते कशाचे हे तात्यानं कोणाला विचारलं नाही. कर्जतच्या रेल्वेवाल्याला लाल आणि हिरवा कोण शिकवणार?

“तात्या, हा सिग्नल नव्हे,” मी म्हणाले. “हा डायनमोचा दिवा आहे.”

डायनमो म्हणजे इंजिनाबरोबर फिरून बॅटरी भरणारं यंत्र. तो बॅटरी भरायचा थांबला की लाल दिवा लागतो. मी बॉनेट उघडलं. डायनमो फिरवणारा पट्टा शाबूत होता, पाणी होतं. डायनमोच्या आतच काहीतरी गेलं होतं आणि ते रस्त्यात होणारं काम नव्हतं. पण बॅटरीत होती तेवढी वीज दिवसाउजेडी खालापूरला जायला पुष्कळ होती.

“हेडलाइट लावू नका, हॉर्न उगाच वाजवू नका, नि चला.”

“लालला चल म्हनतीस? बघ, थांबवली तसा विझला.”

“किल्ली बंद केल्यावर विझणारच की.”

“पोरी, मी लालच्या म्होरं गाडी सोडली असती तर आज तुरुंगात असतो.” तात्यानं बिडी काढली.

साळूबाई गाडीतून उतरली. “मी जाते चालत,” म्हणाली. “बैलगाडीच बरी व्हती. बैल तरी लाल-हिरवं बघत नाय.” आणि खरंच निघाली. वाटेत चढ, ऊन वर आलेलं. ती पोचणार नव्हती हे तिलाही माहीत होतं.

मग मी तात्याला त्याच्याच भाषेत विचारलं. “सिग्नल बिघडला नि लालच राहिला, तर गाडी तिथंच म्हातारी होते का?”

“नाय. मग सांधेवाला म्होरं हुबा ऱ्हातो, हातानं हिरवी झेंडी दाखवतो. तवा सावकाश घ्यायची.”

माझं लुगडं हिरवं होतं. मी गाडीच्या पुढं गेले आणि पदर सोडून हलवला. तात्यानं बिडी विझवली. “नियमात बसतंय,” म्हणाला. हँडल मारून गाडी चालू केली आणि पुढं साळूबाईला उचलून घेतलं. ती म्हणाली, “गेलं का रं तुझं सुतक?”

पळसदरी मागं पडली. रस्ता खडीचा, मधेमधे गाडीवाटेसारखा खोल. एका चाकोरीत गाडी खालून दाणकन आपटली. त्यानंतर थोड्या वेळानं तात्या शीळ घालायला लागला आणि त्यानं वेग वाढवला. मला नवल वाटलं, म्हणून मी पुढं वाकून बघितलं. लाल तर होताच, त्याच्या शेजारी हिरवा ठणठणीत पेटला होता.

“थांबवा! तात्या, थांबवा!”

“आता का? हिरवा पडलाय. लाइन क्लिअर!”

मी त्याच्या खांद्यावरून हात घातला आणि किल्ली फिरवली. इंजिन मेलं. गाडी घरंगळत जाऊन कडेच्या करवंदीला टेकली.

तात्या भडकला. साळूबाई त्याच्यावरही कडी. “लालला चालिवतीस नि हिरव्याला थांबिवतीस? तुला माझ्या भावानं पैसं चारलं काय गं?”

तिला रागावायचा हक्क होता. मी समजावत बसले नाही. गाडीच्या मागं बोट दाखवलं. धुळीत काळी रेघ उमटली होती, आम्ही आलो त्या वाटेनं, पार वळणापर्यंत. इंजिनाचं तेल.

आता हे नीट समजून घ्या. इंजिनाच्या पोटाखाली एक टाकी असते, तिला आम्ही चेंबर म्हणतो. त्यातलं तेल पंप वर ढकलतो आणि ते प्रत्येक फिरत्या जागी जातं. ते ढकलणं, म्हणजे प्रेशर, बंद पडलं की त्या गाडीत हिरवा दिवा लागायचा. हिरवा का? बनवणाऱ्याच्या मनाला आलं म्हणून. तो लागला की पुढच्या झाडापर्यंतसुद्धा जायचं नसतं. लोखंडावर लोखंड घासतं, बेअरिंग वितळतात, इंजिन जागच्या जागी धरतं, म्हणजे जाम होऊन बसतं. लाल दिवा म्हणत होता, संध्याकाळपर्यंत घरी जा. हिरवा म्हणत होता, आत्ता थांब. मला हे माहीत होतं कारण मागच्याच आठवड्यात त्या दिव्याची वायर पुसत पुसत मी स्वतः इंजिनावरच्या तेलाच्या स्विचपर्यंत गेले होते.

मी पदर खोचला आणि गाडीखाली शिरले.

“लोकं बघत्यात गं,” तात्या म्हणाला.

“बघू द्या. पाना द्या.”

चेंबर फुटला नव्हता. तेल काढायचा नट सैल होऊन शेवटच्या आट्यावर लटकत होता. तो आधीच नीट आवळलेला नसणार, आपटल्यानं आणखी सुटला. तो हातानं बसवला, पान्यानं आवळला. तेल मोजायची पट्टी ओढून बघितली तर कोरडी. आता तेल कुठलं आणायचं? खोपोली पुढं लांब, कर्जत मागं लांब.

शेताच्या पलीकडे दहापाच घरं होती. मी साळूबाईला विचारलं, “या घरांत एरंडेल असेल ना?”

“एरंडेल नसलेलं घर असतं का? पोरांची पोटं काय तुमच्या पेटरोलवर साफ करत्यात?”

“मग मागून आणा. मिळेल तेवढं.”

तिनं एकदा माझ्याकडे, एकदा सूर्याकडे बघितलं आणि लुगडं वर खोचून बांधावरून पळाली. लांबून तिचा आवाज येत होता. “अगं, एरंडेल दे गं! माझं शेत चाललंय!” कोणी वाटी दिली, कोणी बाटली दिली. एका बैलगाडीवाल्यानं आसाला घालायचं तेल नळकांड्यासकट दिलं. एक म्हातारी तर तिच्याबरोबर गाडीपर्यंत आली. एवढं जुलाबाचं औषध पिणारं जनावर तिला बघायचं होतं.

साळूबाईनं मागून आणलेली कळशी बरीच भरली. मी ते सगळं साळूबाईच्या धुवट फडक्यातून गाळून इंजिनात ओतलं. एरंडेल चिकट असतं, गरम इंजिनातही टिकतं. रोज घालायची चीज नव्हे, पण एका खेपेला चालतं. पट्टी बघितली. वरच्या खुणेला नाही, पण खालच्या खुणेच्या वर आलं होतं.

तात्यानं हँडल मारलं. इंजिन लागलं. हिरवा दिवा क्षणभर राहिला आणि विझला.

तात्याचा चेहरा पडला. “हिरवा गेला. आता?”

“गेला म्हणजेच लाइन क्लिअर.”

“ही उलटी रेल्वे कोनाच्या बापाची?”

“चालवता, का मी बसू तिथं?”

मला चालवता येत नव्हतं. त्याला ते माहीत नव्हतं. त्यानं गिअर टाकला.

खोपोली आली, गेली. मागं एरंडेलाच्या धुराचा असा वास सुटला होता की नाक्यावरची माणसं नाक धरून बाजूला झाली. खालापूरच्या कचेरीच्या आवारात आम्ही शिरलो तेव्हा पट्टेवाला दारात उभा राहून साळूबाईच्या नावाचा पुकारा करत होता. चुलतभाऊ पायरीवर होता. पांढरा फेटा, तोंडात पान. पुकारा दुसऱ्यांदा झाला. त्यानं आत जायला पाऊल उचललं.

“हजर हाय!” साळूबाई गाडी थांबायच्या आधीच ओरडली.

ती आत गेली ती कोपरापर्यंत तेल माखलेल्या हातांनी. मामलेदारानं विचारलं, शेत कोण कसतं? तिनं बांधाची निशाणी सांगितली, पाणी कुठून शिरतं ते सांगितलं, कुठल्या खाचरात कुठलं भात लावलं ते सांगितलं. चुलतभावाला तेच विचारलं तर त्याला पान गिळावं लागलं. शेत तिच्या नावावर लागलं. बाहेर आली आणि तात्याला म्हणाली, “चल रं सिग्नलवाल्या, च्या पाज.” आणि मला म्हणाली, “तू बी ये गं. तुला शिव्या घातल्या त्या ऱ्हाऊ दे तुझ्यापाशी. पुन्हा कामाला येतील.”

कर्जतला मामानं पट्टी ओढली, वास घेतला आणि डोक्याला हात लावला. सगळं एरंडेल काढलं, इंजिन धुतलं, चेंबर उतरवून बेअरिंग बघितली. ओरखडा नव्हता. तो नट कोणी आवळला होता, असं मी विचारलं. मामा चहा प्यायला निघून गेला.

परत आला तेव्हा म्हणाला, “उद्यापासनं लाइनवर तू जायचं.”

“सोबत म्हणून?”

“गप गं. हत्यारांची पिशवी घेऊन.”

त्यानंतर मी म्हातारी होईपर्यंत गाड्यांखालीच होते. आता गाड्यांच्या फळीवर दिवाळीसारखे दिवे असतात आणि लोक मला विचारतात, अमका लागला तर काय, तमका लागला तर काय. सगळे मलाही माहीत नाहीत. पण दिव्याच्या रंगावर जाऊ नका. तो कशाला जोडलाय ते गाडी घेतल्या दिवशीच विचारून ठेवा. आणि तेलाचा लागला तर विचारत बसू नका, गाडी कडेला घ्या आणि किल्ली फिरवा. शिव्या खायला पुढं वेळ असतो.