भिंतीवर गेलेली हजेरी

"उभी राहा. मागे लपू नकोस. सगळ्यांना दिसू दे."

प्राचार्य मॅडमनी माझं नाव घेतलं तेव्हा बी.एड.चा आमचा सगळा वर्ग हॉलमध्ये होता. मी उभी राहिले. माझ्या नखांत पांढरा रंग राहिला होता. हात मी ओढणीखाली घेतले.

मॅडम माइकवर बोलत होत्या. हॉल एवढासा, माइकची गरज नव्हती.

"वर्गात ऐंशी टक्के हजेरी लागते. हा नियम माझा नाही, वरून आलेला आहे. हिची भरत नाही. सरकारनं प्रवेशात सवलत दिली म्हणजे वर्गात न बसायची सवलत दिली असं नाही. या लोकांना सगळं आयतं लागतं."

या लोकांना. मी एकटी उभी होते, तरी मॅडमना लोक दिसले.

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. माझ्या शेजारी वरोरची मैत्रीण बसली होती. तिनं खालून माझी ओढणी घट्ट धरली, पण तीही काही बोलली नाही. मी तिला दोष देत नाही. तिच्या सत्रकार्याचे गुणही मॅडमच्याच हातात होते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा असतो. मारणारी बाई छान साडी नेसलेली असते आणि मध्येच पाणी पिते.

वर्गात नव्हते तेव्हा मी कुठे होते ते मॅडमना ठाऊक होतं. मी त्यांच्याच कॉलेजच्या भिंतीपुढे उभी होते.

झालं होतं असं. कॉलेज तपासायला समिती येणार होती. मॅडम वर्गात आल्या, मला बोटानं उठवलं. "तू वारली ना गं? चल, भिंत रंगवायची आहे. तुम्हाला तर जन्मतःच येतं."

मला जन्मतः काहीच येत नव्हतं. गणित येत होतं, तेही कंदिलाजवळ डोळे फोडून. तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या अंगाला आमचा पाडा. तिथल्या शाळेत गुरुजी पाढे विचारायचे आणि आम्ही पोरं मुकी उभी राहायचो. पाढे यायचे. पण गुरुजींची मराठी आमच्या घरची नव्हती, म्हणून तोंड उघडत नव्हतं. गुरुजी म्हणायचे, दगड आहेत. तेव्हाच मी ठरवलं होतं की त्या शाळेत मी बाई होणार आणि गणित शिकवणार. त्यासाठी बी.एड. हवं. बी.एड.साठी डहाणूकडचं हे कॉलेज, सकाळी टमटम, मग एसटी.

म्हणून भिंतीला नाही म्हटलं नाही. गेरू लावला, ताडाची झाडं काढली, कोंबड्या काढल्या, नाचणारी माणसं काढली. भिंतीच्या पलीकडे आमचाच वर्ग चालू असायचा. खिडकी उघडी. सर सर्वसमावेशक शिक्षण शिकवत होते. कुठलंही मूल वर्गाबाहेर राहता कामा नये, असं सांगत होते. मी बाहेर उभी राहून ते ऐकलं आणि कोंबडीचे पाय पुरे केले.

भिंत झाली. मग मॅडमनी आम्हा पाड्यांवरून येणाऱ्या मुलींचा नाच बसवायला घेतला. समिती आली. आम्ही नाचलो, त्यांनी टाळ्या वाजवल्या, मॅडमच्या गळ्यात हार पडला. हजेरीपटावर त्या सगळ्या दिवसांत माझ्या नावापुढे गैरहजर लागलं. गरज सरो, वैद्य मरो.

हॉलमधून मी थेट मॅडमच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, "मॅडम, तेव्हा मी भिंत रंगवत होते. तुम्हीच पाठवलं होतं."

"ते सेवाकार्य. त्याला हजेरी नसते."

"मग मी परीक्षेला कशी बसू?"

त्यांनी मोबाइल हातात घेतला. मग आवाज एकदम गोड केला. संस्थेचे मोठे पाहुणे येणार होते. मॅडमच्या खुर्चीमागची भिंत रिकामी होती. त्यांनी मोबाइलवर एक चित्र दाखवलं. लग्नाचा चौक. मध्ये देवी.

"हा अस्सल हवा. तू नको, तुझ्या आईला आण. लुगडं नेसून येऊ दे, काढताना फोटो घेऊ. मग तुझ्या हजेरीचं मी बघते."

चौक म्हणजे काय ते मॅडमना ठाऊक नव्हतं. सांगितलं असतं तरी कळलं असतं का, कोण जाणे. चौक हे शोभेचं चित्र नव्हे. घरात लग्न असलं की सवाशिणी भिंतीवर गेरू सारवतात, तांदळाच्या पिठानं चौक काढतात, त्यात देवीला बसवतात. त्याशिवाय लग्न लागत नाही. आणि तो सवाशिणीनंच काढायचा, जिचा नवरा हयात आहे तिनं. माझ्या आईचा हात असा की आजूबाजूच्या पाड्यांतून तिला बोलवायला यायचे. बाबा गेले आणि आईनं पिठाला हात लावणं सोडलं. लग्नघरी ती आता मागे, चुलीजवळ बसते. तिला कोणी तसं सांगितलं नाही. ती आपली आपण सरकली.

मी घरी येऊन सगळं सांगितलं. सांगायला नको होतं असं अजून वाटतं, पण दुसऱ्या कोणाला सांगणार?

आई तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"चौक नाय काढला त तुला परीक्षेला नाय बसवनार?"

"नाही."

"मंग मी काढीन."

"आय, तू कसा काढशील?"

"देवीला सांगीन, पोरीसाठी काढला. तुझा शिकना नाय थांबला पायजे."

मी तेव्हाच नको म्हणायला हवं होतं. पण परीक्षा हवी होती. आम्ही दोघी गेलो. आईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. डब्यात कालवलेलं पीठ, पदरात बांबूची काडी. एसटीत तिनं डबा मांडीवरून हलू दिला नाही.

केबिनच्या दाराशीच मॅडम म्हणाल्या, "चपला बाहेर." त्यांच्या स्वतःच्या पायांत होत्या. आईला बस म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. क्लार्क मोबाइल घेऊन तयार होता. भिंतीवर गेरूचा रंग आधीच मारून ठेवलेला.

आईनं काडी पिठात बुडवली. हात वर नेला. काडी भिंतीला टेकायच्या आधी ती काहीतरी बोलू लागली, अगदी बारीक आवाजात. मी जवळ होते म्हणून ऐकू आलं.

"पोरीच्या बापा, रागवू नको. पोरीच्या बापा, रागवू नको."

माझ्या काळजाचं पाणी झालं. माझी आई मेलेल्या नवऱ्याची माफी मागत होती. एका केबिनमध्ये, अनवाणी, कोणाच्या तरी फोटोसाठी. आणि ती माझ्यामुळे तिथं होती.

मॅडम खुर्चीतून म्हणाल्या, "काय पुटपुटते ती? तिला सांग, जरा हसत काढ. फोटोत बरं दिसतं."

मी आईचं मनगट धरलं. काडी काढून घेतली.

"नाही मॅडम. चौक मिळणार नाही."

"तुला परीक्षेला बसायचं नाही?"

"बसायचंय. माझी हजेरी बाहेर भिंतीवर आहे, कोंबड्यांसकट. ती मोजा. माझी आई मिळणार नाही."

आवाज माझाच होता. एवढा मोठा निघेल असं मलाच वाटलं नव्हतं. क्लार्कनं मोबाइल खाली घेतला. मॅडम लाल झाल्या. "मग नियमाप्रमाणे होईल," म्हणाल्या.

नियमाप्रमाणे झालं. मी विद्यापीठाला अर्ज केला. भिंत कोणाच्या सांगण्यावरून रंगवली, कधी रंगवली, सगळं लिहिलं. उत्तर आलं नाही. वर्गातली मुलं पेपर लिहीत होती तेव्हा मी आईबरोबर शेतात पालापाचोळा जाळून राब भाजत होते. धूर डोळ्यांत जातोच, त्यामुळे रडायला अडचण नव्हती.

केबिनमधून निघालो त्या दिवशी परत येताना एसटी स्टँडवर आईनं डब्यातलं पीठ गटारात ओतलं, बोटं लुगड्याला पुसली. "काढला असता, बाय," म्हणाली. "एवढासा त होता." त्यानंतर त्या दिवसाबद्दल ती बोलली नाही. मी विषय काढला की उठून पाण्याला जाते. मी तिला वाचवलं की तिचं देणं अर्ध्यावर तोडलं, ते मला कळत नाही. विचारायची हिंमत होत नाही.

जूनमध्ये मी पुन्हा नाव घातलं. त्याच कॉलेजात, कारण गावाहून ये-जा करता येईल असं दुसरं कॉलेज नाही. कॉरिडॉरमध्ये मॅडम भेटल्या. "या वर्षी तरी वर्गात बस," म्हणाल्या.

मी म्हटलं, "बसणारच. भिंत रंगवायची असली तर आताच सांगते, दुसरा माणूस बघा."

मी रोज बसते. पाठ घेते, टाचणं लिहिते, सही करते आणि ती सही जागेवर आहे ना, हे संध्याकाळी पुन्हा जाऊन बघते. त्यांना राग येतो. येऊ दे. हे बी.एड. मी पुरं करणार आणि आमच्या पाड्यावरच्या शाळेत गणित शिकवणार. कुठल्याही पाहुण्यासाठी माझ्या वर्गातलं पोर नाचायला मिळणार नाही. मागायला येईल त्याला आधी माझ्याशी भांडावं लागेल.

वर्ष गेलं, ते मी भरून काढीन. पण माझ्या आईचा हात त्या भिंतीपर्यंत न्यायला लावला, हे मी माफ करणार नाही. पदवी हातात आल्यावरही नाही.