स्वादुपिंडातले खडे आणि मी पाजलेली बियर

"किडनीत खडा नाहीच," संभाजीनगरचे डॉक्टर सीटी स्कॅन दाखवत म्हणाले. "हे पांढरे ठिपके स्वादुपिंडाच्या नळीत आहेत. क्रॉनिक पॅन्क्रियाटायटिस." म्हणजे जठरामागं पाचकरस तयार करणारी जी ग्रंथी असते, तिची जुनी सूज. खड्यांनी रसाची वाट तुंबते आणि दुखतं. मग त्यांनी विचारलं, "दारू?"

"न्हाई," आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, म्हणाले. मी फरशीकडं बघत बसले.

पाटोद्यात आमची पिठाची गिरणी आहे. वर्षभर मालकांचं पोट दुखत होतं. जेवलं की कळ पाठीत जायची, पुढं वाकून बसले की जरा कमी व्हायची. अंगावरचे कपडे ढगळ झाले. कसली तपासणी न करता मी ठरवून टाकलं, मुतखडा. दळण घेऊन येणारी प्रत्येक बाई तेच म्हणायची, आणि बियर पाजा हेही सांगायची. मालकांनी उभ्या जन्मात दारूला हात लावलेला नाही. मी भावाकडून बाटल्या मागवल्या. मीच त्यांना म्हणाले, "नाक धरा अन् प्या. औषध हाय." आठ दिवस प्यायले बिचारे. नवव्या दिवशी उलट्या थांबेनात, तेव्हा गाडी करून संभाजीनगर गाठलं.

पोट फाडावं लागणार नाही म्हटल्यावर जीव भांड्यात पडला. पुढं नुसतं ताटकळणं. तीन दिवस लिथोट्रिप्सी होती, म्हणजे भूल देऊन यंत्रानं बाहेरून लहरी सोडायच्या आणि आतला खडा फोडायचा. मी बाहेर बाकावर. पाय सुजलेले, चहानं तोंड कडू झालेलं, रिपोर्टची पिशवी मांडीवर. मनात एकच, यांना या खाटेवर मीच आणलं. हे उठलेच नाहीत तर?

दुसऱ्या दिवशी राहवलं नाही. डॉक्टरांना गाठून सांगितलं, आठ दिवस बियर मीच पाजली.

"बियरचं मला माहीत आहे," ते म्हणाले. "काल भूल देण्याआधी त्यांनी सांगितलं. दोस्तांबरोबर बसून प्यायलो म्हणाले." मग समजावलं, "खडे त्यानं झाले नाहीत, ते वर्षानुवर्षं साठतात. पण सूज वाढली असणार. आता थेंबही नको."

वॉर्डात गेले ती रागातच. "कावून खोटं बोललात?"

"तुझं नाव घेतलं असतं तर तुला लई बोलले असते," मालक म्हणाले. "मला बेवडा म्हणू दे."

मी तोंड फिरवून रडले.

चौथ्या दिवशी ईआरसीपी झाली. तोंडातून दुर्बीण घालून खड्यांचा चुरा काढला आणि स्टेंट, म्हणजे बारीक नळी, आत ठेवली. ती काही महिन्यांनी बदलायची. जेवताना पचनासाठी एन्झाइमची गोळी, तेलकट बंद, अधूनमधून रक्तातली साखर तपासायची. हा आजार मुळातून जात नाही, हे आता आम्ही मान्य केलंय. दमलोय दोघंही. पण परवा मालकांनी ताठ बसून दीड भाकर खाल्ली आणि मी डॉक्टरांना मनातल्या मनात हात जोडले.

गिरणीत खड्याचा विषय निघतोच. कुणी बियरचं नाव काढलं की मी चक्की बंद करते. आधी तपासून घ्या म्हणते, खडा कुठं हाय ते विचारा. मालक मला डोळ्यांनी दटावतात. तरी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगते, यांना बियर मी पाजली होती.