थांबाकाकांचा समास

हे माउली, शांत माणसांवर तर तू कृपा करतेसच. पण दिवसातून दहा वेळा वैतागणाऱ्यांनाही पदराखाली घेतेस, म्हणून आधी तुला वंदन! आणि तुझ्याच साक्षीने ही कथा तुझ्या एका वैतागलेल्या लेकराची, ज्याला सारी गल्ली थांबाकाका म्हणते.

काका विनोदी लेखक. लिहिले तरी किती! वर्तमानपत्रात बावीस वर्षे सदर, मुलांसाठी सात नाटुकली, दातांच्या दवाखान्यातल्या पाट्या, शेजारणीच्या मांजराचा मृत्युलेख, आणि विरामचिन्हे संपावर जातात अशी एक अख्खी कादंबरी. लोक पोट धरून हसले. काका मात्र कधी हसले नाहीत, कारण प्रत्येक छापील पानावर त्यांना एखादा स्वल्पविराम बेपत्ता दिसे.

म्हणून घरात रीत अशी: छापखान्यातून प्रुफे आली की काकूंनी ती चिन्हांसकट मोठ्याने वाचायची, आणि काकांनी हस्तलिखिताशी ताडून पाहायची. निवडक लेखांच्या पुस्तकाची अखेरची प्रुफे आली, तेव्हा काकूंनी बजावले, "हे शेवटचं. यापुढे तुमचे अर्धविराम तुम्हीच वाचा. जिभेला घट्टे पडले माझ्या."

काकांनी हस्तलिखित पुढे ओढले. काकूंच्या आवाजावाचून त्यांना एक ओळही तपासता येत नसे.

काकू वाचू लागल्या. "'तो उठला, स्वल्पविराम, आणि दाराशी गेला, पूर्णविराम. इथे थांबा, मागे काय वाघ लागला आहे, प्रश्नचिन्ह.' अहो, हा वाघ कुठला?"

काकांनी कपाळावर हात मारला. आधीच्या प्रुफांच्या समासात छापखान्याला दिलेल्या सगळ्या तंब्या त्या लोकांनी मजकुरातच जुळवून टाकल्या होत्या! त्यांनी तडक फोन लावला.

छापखानेवाले शांतपणे म्हणाले, "काका, तुमचं सगळंच गमतीचं. कुठली गंमत पुस्तकातली आणि कुठली आमच्यावरची, कसं ओळखायचं? खरं सांगू? आमच्यावरचीच जास्त जमलीय."

"गंमत म्हणे," काकांनी फोन आपटला. "मी रक्त आटवतोय आणि यांना गंमत वाटते. वाच गं पुढे. एकही राहता कामा नये."

काकू वाचत गेल्या, काका खोडत गेले. 'हा स्वल्पविराम कोणी गिळला?' खोडले. 'प्रश्नचिन्हावर कर बसत नाही.' खोडले. एक्याण्णवाव्या पानावर काकूंचा आवाज मंदावला.

"'येथे पूर्णविराम द्याच. वाक्य तुटले तरी चालेल. हे मोठ्याने वाचणारीला आजारपणापासून धाप लागते, आणि ती कबूल करत नाही.'"

काकूंनी मागची पाने उलटली. नवे लेख सगळे आखूड वाक्यांचे. काकांची लेखणी थकली असेल, असे त्यांना आजवर वाटत आले होते.

"मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर भांडली असतीस," काका पुटपुटले. "खोडू हे?"

"खोडा. छापखान्याला काय करायच्यात आपल्या चौकशा?" काकूंनी चष्मा पुसला. "आणि पुढच्या पुस्तकात वाक्यं लांब ठेवा. मला थांबायचं तिथे मी थांबेन."

"लांब म्हणजे अर्धविराम आले," काका पुन्हा वैतागले.

"येऊ देत. वाचीन."

माउली, या जोडीला उदंड आयुष्य दे. त्यांच्या घरी कुरबुर नांदो, माया नांदो, लेकीसुनांचा राबता राहो. त्यांच्या ताटात सुख आणि देहात बळ राहो. आणि जमल्यास, त्या छापखान्यालाही थोडी सुबुद्धी दे.