आज कोण आलं नाही

लग्न होऊन मी गेवराईला आले, त्याच्या थोडंच आधी सासरच्या औषधांच्या दुकानात कॉम्प्युटर आला होता. यांनी तो औरंगाबादहून आणला होता, पण चालवायला कोणी नव्हतं. यांचा फार्मसीचा डिप्लोमा, दुकानाचा परवाना यांच्याच नावावर. पण दवाखान्यांना माल पोचवण्यात यांचा बराचसा दिवस जायचा. काउंटरवर असायचे सासरे. कपाळावर विभूती, अंगात पांढरा नेहरू शर्ट. मी त्यांना मामा म्हणायची, गाव त्यांना आप्पा म्हणायचं.

मी बीडला असताना कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. हे कळल्यावर मामांनी घरात विषय काढला. सुनेनं दुकानात बसायची पद्धत आमच्याकडे नव्हती. सासूबाई दोन दिवसांनी म्हणाल्या, सकाळचा स्वयंपाक उरकून जात असशील तर जा. त्या दिवसापासून मी दुकानात बसू लागले.

ती वर्षं सगळीकडेच नवं काही येण्याची होती. टाय लावलेले प्रतिनिधी मोटारसायकलवर यायचे, दहा डब्यांवर एक फुकट म्हणायचे, पेन आणि कॅलेंडरं ठेवून जायचे. आमची कपाटं भरत चालली होती आणि गिऱ्हाईक मागेल ते औषध नेमकं संपलेलं असायचं. कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर औरंगाबादच्या एका तरुणानं बनवलेलं होतं. बिल निघायचं, साठा कळायचा, आणि मागचा खप बघून पुढच्या महिन्यात काय किती मागवावं याचा अंदाजही ते द्यायचं. त्या अंदाजाकडे कोणी बघत नव्हतं. वीज असेल तेवढ्या वेळात मी जुनी बिलं त्यात भरत बसले.

पहिला उपयोग पावसाळ्यात झाला. जुलाबाच्या औषधांचा खप कुठल्या आठवड्यापासून चढतो, ते आलेखात स्पष्ट दिसत होतं. मी मामांना दाखवलं. पडद्याजवळ वाकून त्यांनी ती रेघ बोटानं वरपर्यंत नेली आणि म्हणाले, पावसाळ्यात चढतंय ते ठाऊक व्हतं, पण आपण नेहमी उशिरा मागवतो हे आज कळलं. त्या वर्षी आम्ही जलसंजीवनीची पाकिटं आधीच आणून ठेवली. आसपासच्या वस्त्यांवर साथ आली तेव्हा माणसं आमच्याकडे येत राहिली आणि कोणालाही परत पाठवावं लागलं नाही. यांनी त्या संध्याकाळी घरी येताना माझ्यासाठी पेढे आणले.

मग न खपणाऱ्या मालाची यादी निघाली. त्यात फिटच्या आजारावरची एक गोळी होती. महिन्याला थोडीशीच जायची. हे म्हणाले, असला माल ठेवून काय करायचं, काढून टाक. मामा पुडी बांधत होते. हातातला दोरा तसाच धरून ते म्हणाले, “ती गोळी काढू नका. तलवाड्याच्या मास्तरांच्या घरच्या भाभींची हाय ती.”

तलवाड्याचे मास्तर म्हणजे शिंपी, आणि त्यांच्या बायकोला मामा भाभी म्हणायचे. दर महिन्याला एसटीनं यायचे, बायकोच्या गोळ्या घ्यायचे, मामांबरोबर चहा प्यायचे आणि पुढच्या गाडीनं परत जायचे. मी त्यांना कितीदा तरी बिल दिलं होतं, पण ही गोळी त्यांचीच, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. बिलावर नाव लिहायची जागा होती, आम्ही ती रिकामी सोडत होतो.

दुसऱ्या दिवसापासून मामा मला नावं सांगू लागले. दुकान उघडून उदबत्ती लावली की माझ्या शेजारी स्टूल ओढून बसायचे. कोणाला बीपी, कोणाला शुगर, कोणाला दमा. कुठलं गाव, कुठली गोळी, घरात कोण आहे. मला वाटलं, कॉम्प्युटरची त्यांना गोडी लागली. मी टाइप करत राहायची. मग एकदा समोरच्या एसटीडी बूथवरून मी औरंगाबादच्या त्या तरुणाला फोन केला आणि विचारलं, एखादं माणूस नेहमीच्या वेळेला आलं नाही तर हे यंत्र आपल्याला सांगेल का. त्यानं जरा विचार केला आणि वाट सांगितली. प्रत्येक माणूस साधारण किती दिवसांनी येतं, ते त्याच्याच जुन्या बिलांवरून काढायचं. तेवढे दिवस उलटून गेले, की त्याचं नाव आपोआप वर यायला हवं. आज याला मोठमोठी नावं आहेत, मोठ्या कंपन्या यावर चालतात. मला मात्र ते जमवताना घाम फुटला होता.

जमलं, आणि दिवाळीनंतर न आलेल्यांच्या नावांची रांगच लागली. अर्धं गाव औषध सोडून बसलंय असं वाटावं. मामा पडदा बघून हसले. ही सगळी माणसं कोयता घेऊन ऊस तोडायला गेली होती, कारखान्यावरून उन्हाळ्यातच परतणार होती. मी त्यांच्या नावापुढे खूण केली. पण मामा लगेच उठले नाहीत. तिकडं ह्या माणसांना गोळ्या कोण देतं, असं त्यांनी मलाच विचारलं. पुढच्या वर्षापासून दसऱ्याच्या आधी आम्ही त्या घरांना निरोप धाडू लागलो: डॉक्टरांकडून पुढच्या महिन्यांची चिठ्ठी आणा, गोळ्या बांधून ठेवतो. बिऱ्हाडाच्या ट्रकमध्ये बसण्याआधी बायका पुडकी घेऊन जायच्या.

अशातच एका सकाळी मास्तरांचं नाव वर आलं. मामांनी ते वाचलं. दिवसभर तलवाड्याच्या प्रत्येक गाडीच्या वेळेला ते दुकानाच्या पायरीवर जाऊन उभे राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी यांना काउंटरवर बसवलं, गोळ्या पिशवीत घातल्या आणि मला म्हणाले, “चल, जाऊन येऊ.”

मास्तरांचं घर बाजाराच्या मागं होतं. पुढच्या खोलीत शिलाई मशीनवर चादर टाकलेली. मास्तर खाटेवर पडलेले, एक पाय प्लास्टरमध्ये. पत्रा दुरुस्त करायला चढले होते आणि शिडी सरकली. आम्हाला बघून त्यांनी उठायचा प्रयत्न केला.

“आप्पा, तुमी कावून आलात? सांगितलं कोणी?”

“सूनबाईच्या कॉम्प्युटरनं,” मामा म्हणाले. “तुमी आला न्हाईत, ते त्यानं सांगितलं.”

भाभी दारात उभ्या होत्या. मामांनी त्यांना विचारलं, गोळ्या चालू आहेत ना. त्यांनी मान हलवली, पण नजर वर केली नाही. मामांनी डबी बघायला मागितली. डबीत गोळीचा एक अर्धा तुकडा होता. पुरवून पुरवून खायच्या म्हणून त्या कितीतरी दिवस अर्धीच घेत होत्या. नवरा आधीच पडलेला, त्याच्या जिवाला आणखी घोर नको, म्हणून त्याला सांगितलं नव्हतं. आदल्या दिवशी चुलीजवळ त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली होती. शेजारणीनं धरलं म्हणून वाचल्या. हे ऐकताना मास्तरांनी तोंड भिंतीकडे वळवलं. मामा रागावले नाहीत. त्यांनी पाणी मागितलं, पिशवीतली गोळी काढून भाभींच्या हातावर ठेवली आणि ती गिळेपर्यंत तसेच उभे राहिले. परस्पर कमी करायची नाही, आज संध्याकाळीच डॉक्टरांना दाखवा, असं भाभींना आणि बोलावून घेतलेल्या शेजारणीला बजावलं.

निघताना भाभींनी मला बाजूला घेतलं. “बेटी, तुझ्या मशीनला माझं नाव ठाऊक हाय?”

मी हो म्हटलं. मामांनी सांगितलं, मी लिहिलं. त्यांनी दोन्ही हात माझ्या गालांवरून फिरवले आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. घरी माझ्या आईशिवाय तशी माया कोणी केली नव्हती.

परतीच्या एसटीत गर्दी नव्हती. मामा खिडकीशी बसले होते. बराच रस्ता गेल्यावर, बाहेर बघतच, ते म्हणाले, “पोरी, मी इसरायलोय.”

मला आधी कळलंच नाही. मग ते सावकाश सांगू लागले. मध्यंतरी एका लग्नात सख्ख्या साडूनं हाक मारली आणि त्यांना तो ओळखू आला नव्हता. एकदा दुकान बंद करून चुकीच्या गल्लीत शिरले होते. घरात कोणाला बोलले नव्हते. “म्हणून तुला रोज नावं सांगतोय. डोक्यात हायेत तवर तुझ्याकडं जाऊ दे. ही माणसं माझ्या भरवशावर हायेत.”

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. सासऱ्याचा हात असा धरायची रीत नव्हती, पण त्यांनी काढून घेतला नाही. मी म्हटलं, मामा, घाई करू नका, सावकाश सांगा. ते म्हणाले, बरं.

त्यांनी सावकाश सांगितलं. पुढची कितीतरी वर्षं. सकाळी आल्याबरोबर ते विचारायचे, आज कोण आलं न्हाई? मी नावं वाचायची. मग कुणाला एसटीच्या कंडक्टरबरोबर निरोप जायचा, कुणाला बाजाराला आलेल्या भावकीबरोबर. गावोगावी औषधांची दुकानं निघाली तरी आमचा धंदा वाढत गेला. त्याचं श्रेय हे मला देतात, मी मामांना देते. यांनी मामांना डॉक्टरांकडे नेलं, औषध चालू केलं. त्या गोळ्यांचं नाव आणि तारीखही मी कॉम्प्युटरमधल्या त्याच यादीत भरली.

मास्तरांचा पाय पुरता सरळ झाला नाही. गोळ्यांसाठी भाभी स्वतःच येऊ लागल्या, आणि येताना आणखी दोघी-तिघींना घेऊन येऊ लागल्या. तोवर मामांची माणसं एकेक करून पुसट होत चालली होती. दुकानात बाकावर बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला हात जोडायचे. भाभी औषध घेतल्यावर त्यांच्या शेजारी टेकायच्या.

“कुठल्या गावच्या तुमी?” मामा अदबीनं विचारायचे.

“तलवाड्याची.”

“चांगलं गाव हाय. तिथं आमचे एक टेलर मास्तर ऱ्हातात.”

“हो, आप्पा,” भाभी म्हणायच्या. “लई चांगला माणूस हाय.” आणि गाडीची वेळ होईपर्यंत मास्तरांच्या तब्येतीचं सगळं त्यांना सांगत बसायच्या.