दानाच्या चिठ्ठीतलं तिचं नाव

मी नववीतून शाळा सोडली. आईचं दुखणं निघालं, भाऊ लहान होता, घरात कुणीतरी थांबायला पाहिजे होतं. ते कुणीतरी म्हणजे मी. आता तमिळनाडूत तिरुपूरला बनियनच्या कंपनीत शिलाई मशीनवर आहे. आमचं गाव परभणीकडं, पूर्णा स्टेशनाजवळ. इथून दोन गाड्या बदलून जावं लागतं, त्यामुळं वर्षातून एकदाच जाणं होतं. लिहायची सवय नाही. पण ही गोष्ट कुणापाशी बोलायची म्हटली तरी भीती वाटते, म्हणून लिहिते.

शाळा सोडल्यावर वर्षभरात मला धडधडायला लागलं. चुलीपुढं नुसती बसलेली असले तरी हातपाय गार पडायचे. पाण्याला जायचं म्हटलं की घाम फुटायचा. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, "बाहेरचं लागलंय पोरीला." आईनं मला एका दर्ग्याला नेलं, एका बाबाकडं नेलं. मनगटावर दोऱ्याला जागा उरली नाही, धडधड तशीच.

त्यातून मला काढलं ते माझ्या मैत्रिणीनं. ती आमच्याच बौद्ध वस्तीतली. तिचे वडील शाळेवर शिक्षक, सगळं गाव त्यांना गुरुजीच म्हणतं. गुरुजींची पोरगी बारावीला नापास झाली, आणि त्या दिवसापासून घरात तिच्याशी कुणी धड बोललं नाही. "जगावंसंच वाटत न्हाई गं," असं ती कपडे पिळता पिळता म्हणायची, भाजीत मीठ कमी पडलं म्हणावं तसं. मला त्याचीच जास्त भीती वाटायची.

पूर्णेला स्टेशनाच्या मागं रेल्वेच्या एका रिटायर गार्डनं आपल्या घराची पुढची खोली फुकट दिलेली होती. दर शनिवारी परभणीहून एक ताई यायच्या आणि पोरापोरींचं ऐकून घ्यायच्या. गरज वाटली तर परभणीच्या डॉक्टरकडं पाठवायच्या. फी नव्हती, सगळं लोकांच्या देण्यावर. पंखा एकानं दिलेला, सतरंज्या दुसऱ्यानं, आणि ताईंचा दुपारचा डबा बचत गटाच्या बाया पाळीपाळीनं आणायच्या. डबेवाल्या एका काकूनंच माझ्या मैत्रिणीला त्या खोलीचं सांगितलं. ती घरी शिवणक्लासला जाते म्हणून सांगायची. दुसऱ्या शनिवारी मलाही ओढलं.

"चल की गं माझ्यासंग."

"मी काय करू तिथं?"

"काय करू नको. बस नुस्ती. मला तरी कुठं काय येतंय?"

खोलीत मधोमध जुन्या साडीचा पडदा बांधलेला असायचा. पडद्यामागं ताई आणि ज्याची पाळी असेल तो, बाकीचे अलीकडं. आतलं ऐकू येऊ नये म्हणून अलीकडचे मुद्दाम मोठ्यानं बोलायचे, उगाच खोकायचे. पहिल्या दिवशी मी आत नुसती रडले. बाहेर माझी मैत्रीण माझं रडणं कुणी ऐकू नये म्हणून पाढे म्हणत होती, सतराचा, अठराचा.

सात-आठ महिन्यांत मी पाण्याला एकटी जायला लागले. मग बस, मग रेल्वे, मग तिरुपूर. तीही बरी होत होती. बारावीचा फॉर्म पुन्हा भरला होता. परभणीचं एक चांगलं स्थळ आलंय, असं तिनं फोनवर हसत सांगितलं होतं. "शिकू देतो म्हणायलाय पोरगा."

मग माझे वडील गेले. वर्ष झालं तेव्हाच्या पुण्यानुमोदनाला मी सुट्टी काढून गावी गेले. आमच्यात त्या कार्यक्रमाला दान देतात. भंतेजींसमोर दानाची चिठ्ठी माइकवर वाचायची आणि सगळ्यांनी "साधू, साधू, साधू" म्हणायचं. त्यातलं पुण्य गेलेल्या माणसाला, आणि ज्यांचं नाव चिठ्ठीत असेल त्यांना. मी शनिवारच्या खोलीला प्लायवूडचं पार्टिशन द्यायचं ठरवलं, साडीच्या पडद्याच्या जागी. चिठ्ठी मीच लिहिली. वडिलांच्या स्मरणार्थ म्हणून माझं नाव लिहिलं आणि हात थांबला. तिथं मला नेलं कुणी? एकटीनं पुण्य घ्यायला बरं वाटेना. मी तिचंही नाव लिहिलं. खाली लिहिलं, दोघींना तिथं बरं वाटलं म्हणून.

तिला विचारलं नाही. ती मागं खिरीच्या पातेल्यापाशी वाढायला उभी होती, चार पावलांवर.

माइक माझ्या मामाकडं. मामाला माइक लय आवडतो. "हॅलो, मागच्यांना ऐकू यायलंय का?"

"मामा, तुमचं माइक नसला तरी ऐकू येतंय!" कुणीतरी म्हणालं, आणि मांडव हसला.

हशा मिळाला की मामाचा आवाज चढतो. माझं नाव वाचलं. तिचं नाव वाचलं, तिच्या वडिलांचं आपल्या मनानं जोडलं. "आपल्या गुरुजींची कन्या! या दोघी लेकींचा मानसिक आजार जिथं बरा झाला, त्या पूर्णेच्या खोलीला हे दान!"

मांडवातल्या सगळ्यांनी साधू, साधू, साधू म्हटलं. गुरुजींच्या शेजारी परभणीच्या स्थळाचा मध्यस्थ बसला होता. त्यानंही हात जोडले होते.

मी मागं वळले. तिच्या हातात पळी होती. एक बाई दुसरीला म्हणाली, "अगं बया, म्हणून ते शिवणक्लास व्हय!" तिनं पळी पातेल्यात ठेवली, पदराला हात पुसले आणि माझ्याजवळून जाताना म्हणाली, "मला इचारायचं तरी."

पुढच्या शनिवारी ती खोलीवर आली नाही. मी गेले. ताईंना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, हे मला जास्त लागलं. "तू मनानं चांगलं करायला गेलीस," त्या म्हणाल्या. "पण सांगायचं का नाही, हे तिचं होतं गं."

डबेवाल्या काकू माझ्यासंग गुरुजींच्या घरी आल्या. गुरुजी दारातच उभे राहिले.

"गुरुजी, पोरीला शनिवारी येऊ द्या. तिचं अजून चालू हाय."

"माझ्या पोरीला काही झालेलं नाही. बसा, चहा घ्या."

चहा आला, तिची आई घेऊन आली. आत भांडी वाजत होती. ती बाहेर आली नाही. मी चहा प्यायले. नको म्हणायचीसुद्धा हिंमत झाली नाही.

खोलीवर पार्टिशन बसलं. चांगलं बसलं. पण आमच्या गावच्या आणखी तीन पोरी यायच्या थांबल्या. त्यातल्या एकीच्या आईनं काकूंना तोंडावर सांगितलं, "आमच्या पोरीचं नाव माइकवर नको बाई." परभणीचं स्थळ मोडलं. मग दुसरं आलं, लांबचं, आणि घाईत उरकलं. मी तेव्हा तिरुपूरला. मला लग्नाचं आमंत्रण नव्हतं. बारावीचा पेपर तिनं दिला नाही, एवढं भावाकडून कळलं.

यंदा सुट्टीला गावी गेले तेव्हा पूर्णा स्टेशनात ती दिसली. हातात पिशवी, बाकड्यावर सासू. वाळली होती. मी जवळ गेले आणि मला रडूच आलं.

"रडू नको हितं," ती हळूच म्हणाली. "सासू बघायलीय."

"माझ्यामुळं..."

"ते राहू दे. तू ताईंशी बोलतीस का अजून?"

"रविवारी. फोनवर."

"बोलत जा. सोडू नको."

"आणि तू?"

तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "माझ्याकडं फोन न्हाई."

"कोण हाय गं ती?" सासूनं बाकड्यावरून विचारलं.

"कुणी न्हाई. गावाकडची."

गाडी आली. गर्दी होती. ती सासूच्या मागून चढली. मी डब्याच्या कडेकडेनं शेवटपर्यंत चालले, एकेका खिडकीत बघत. तिला जागा मिळाली का उभीच राहिली, ते मला दिसलं नाही.