कबरीवरचं सौजन्य

बाबांची कबर लातूरला आहे. शेवटची दोन वर्षं ते नांदेडला माझ्या घरी अंथरुणावर होते. पण 'माती मात्र लातूरला द्या' असं त्यांनी बजावून ठेवलं होतं, आणि लातूरला दादा राहतो. त्यामुळे बाबांना सांभाळलं नांदेडने आणि पुरलं लातूरने. दादाला हा दुसरा भाग जास्त मानवला. त्याला समारंभ आवडतात.

वर्षभराने त्याने कबरीवर संगमरवरी पाटी बसवली आणि तिचं अनावरण ठेवलं. चर्चचे पाळकसाहेब होते, शाल होती, माईक होता. नारळ आमच्यात फोडत नाहीत, म्हणून तेवढा वाचला. कापड दूर झालं. वर बाबांचं नाव, मधे बायबलचं एक वचन, आणि खाली बाबांपेक्षा ठळक अक्षरांत दादाचं नाव, शिक्षण, हुद्दा आणि कंसात 'निवृत्त'. दादाच्या नावाच्या डोक्यावर एक शब्द कोरलेला : 'सौजन्य'.

कारागीर सभामंडपांच्या आणि पाणपोयांच्या पाट्या करणारा होता. त्याने सवयीने विचारलं असणार, 'सौजन्य कोणाचं?' दादाने सवयीने नाव सांगितलं असणार. परिणाम असा, की बाबांचं मरण दादाच्या सौजन्याने पार पडलं, असं वाचणाऱ्याला वाटावं. माझं नाव कुठेच नव्हतं.

दुसऱ्या कुणाच्या बापाची कबर असती तर मी हसलो असतो. पण बाबांची कूस बदलता बदलता माझी कंबर गेली होती, आणि ती अजून परत आलेली नाही. मी न बोलता नांदेडची बस धरली, आणि मग न बोलण्याची सवयच लागली. एखाद्या लग्नात समोरासमोर आलोच तर दोघेही 'सलाम' म्हणायचो. आमच्या ख्रिस्ती मंडळीत सलाम टाळणं हे भांडणापेक्षा मोठं पाप समजतात.

आई माझ्याकडेच होती. एका रविवारी चर्चमध्ये प्रभूभोजनाच्या वेळी द्राक्षरसाच्या छोट्या पेल्यांचा ट्रे आमच्या बाकावर आला, आणि आईने काही न घेता तो पुढे सरकवला. मला वाटलं, पोट बिघडलं असेल. पुढच्या महिन्यातही तेच. घरी आल्यावर विचारलं.

"आई, पेला काहून घेत न्हाईस?"

"माझी दोन लेकरं एकमेकांशी बोलत न्हाईत. कोणत्या तोंडानं घेऊ?"

"मग मी घेतो ते?"

"तुझं तोंड तू बघ."

आई ऐंशीच्या पुढची. जन्मात तिने प्रभूभोजन चुकवलं नव्हतं. ती अशीच उपाशी गेली असती, तर त्याचं सौजन्य मात्र आम्हा दोघा भावांचं झालं असतं. शिवाय प्रभूच्या प्रार्थनेत आम्ही दर रविवारी एका सुरात सांगतो, की आम्ही इतरांचे अपराध सोडले तसे तूही आमचे सोड. अट देवाने घातलेली दिसत असली, तरी मोठ्याने म्हणतो ती आपणच. देवाने एखाद्या रविवारी ती नीट ऐकली तर काय, हा विचार मला त्या महिन्यात पहिल्यांदा आला.

ईस्टरच्या आदल्या दिवशी आमच्याकडे कबरी झाडून चुना मारतात. मी आईला घेऊन लातूरला गेलो. दादा कबरस्तानात पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, बादलीत चुना ढवळत बसला होता. हुद्द्याचं काही चिन्ह दिसत नव्हतं.

"सलाम."

"सलाम. आई, तू एवढ्या उन्हात काहून आलीस?"

"सावलीत तुमचं जमंना म्हणून."

दादाने एक ब्रश माझ्याकडे सरकवला. आम्ही कबरीच्या दोन बाजूंनी रंगवू लागलो. मग दादा पाटीकडे न बघता म्हणाला, "त्या शब्दाचं मला मागून कळलं. एक पाहुणा वाचून हसला. तवापासून इथं कोणाला आणत न्हाई."

मी माझ्या बाजूच्या कोपऱ्यावर ब्रश फिरवला.

"बाबाचं सगळं तू केलंस. मला ते बघवत नव्हतं, म्हणून येतच नव्हतो. म्हटलं, पाटी तरी लावू." त्याने ब्रश बादलीत बुडवला. "तुझं नाव टाकू का? खाली लई जागा हाय."

"ए!" मागून आई ओरडली. "ती जागा माझी हाय!"

आधी दादा हसला की मी, ते आठवत नाही. चुना मात्र दोघांच्याही अंगावर सांडला. हसू आवरत दादाने विचारलं, "मग तुझ्या नावाखाली सौजन्य कोणाचं टाकायचं?"

"देवाचं. तुम्ही दोघं नुसता चुना मारा."

दादाने डोळे पुसले. चुना गेला होता, असं तो म्हणाला. "चुकलंच माझं," हेही म्हणाला, पण इतक्या हळू, की माईकवर बोलणारा माणूस हाच का, असं वाटावं.

"सोड," मी म्हणालो. इतकी वर्षं प्रार्थनेत देवाला सांगत आलेला शब्द मी पहिल्यांदाच माणसाला सांगत होतो. म्हणायला सोपा निघाला. माझी कंबर तेवढीच दुखत होती, पण राग कुठे ठेवला होता ते काही केल्या सापडेना.

पाटी तशीच आहे. संगमरवर खोडता येत नाही, आणि दुसरी पाटी म्हणजे दुसरं अनावरण.

ईस्टरच्या सकाळी लातूरच्या चर्चमध्ये आम्ही तिघे एका बाकावर बसलो, आई मधे. ट्रे आला. आईने डोक्यावरचा पदर सारखा केला, पेला उचलला आणि शांतपणे प्यायली. मग दादाला कोपराने डिवचून कुजबुजली, "घे की. का माईक पाहिजे?"