डावा रेणू

आमच्या अमरावतीच्या कॉलेजात रसायनशाळेचे शिपाईमामा प्रत्येक काचनळी डाव्या हातानं पुसत आणि तिला ‘सांभाळून बावा’ म्हणत. एकाच रेणूची आरशातल्यासारखी दोन रूपं असतात, हे माझ्या डोक्यात शिरेना. दरवर्षीचे तास दारातून ऐकणाऱ्या मामांनी मग दोन बटाट्यांत बाभळीचे चार-चार काटे खोचले आणि टोकांना बोर, मिरची, लसूण, वाटाणा लावला. कसेही फिरवले तरी दोन्ही जुळेनात. मामांचं चुकलं असं समजून मी एकाची मिरची उपटायला लागलो.

“काहून उपटून राहिले भाऊ? चुकला नाई तो. डावा हाये.”

डाव्या हातानं लिहितो म्हणून मी लहानपणापासून छड्या खाल्ल्या होत्या. त्या दिवशी वहीत दोन्ही रूपं काढली, डाव्या हातानं.